पळसाच्या पानांचा माणूस

१९७८च्या माघात धारवाडच्या आमच्या मठात श्रावणबाळाचं आख्यान लागलं होतं. बुवांचा गळा असा, की साधी दिंडी म्हटली तरी ऊर भरून यावा. आंधळे आईबाप पाण्यावाचून प्राण सोडतात, त्या पदाला सगळा मठ मुसमुसला. परतताना सुभाष रोडवर आई एकदम थांबली. आईला आम्ही अक्का म्हणतो, नाव अंबूताई.

"भीमू, आमच्या अप्पांना शेवटी कुणी घोटभर पाणी घातलं असेल का रे?"

अक्का चौसष्ट वर्षांची. पण हे विचारताना आवाज अगदी लहान मुलीचा झाला.

अप्पा म्हणजे माझे आजोबा, सदाशिव. हुबळीला दाजीबानपेठेत घरचं कापडदुकान. अक्का पाळण्यात असताना थोरल्या भावाशी भांडून ते निघाले, ते थेट पाँडिचेरीला जाऊन फ्रेंचांच्या पलटणीत भरती झाले. सोळा साली सायगावहून एक पत्र आलं. पुढं काही नाही. बारा वर्षं वाट पाहिली आणि मग बेपत्ता माणसाचा करतात तसा घरच्यांनी पालाशविधी केला. पळसाच्या पानांचा माणूस रचला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, अग्नी दिला. आजीनं कुंकू पुसलं. दहा दिवस पिंड घातले. माघ वद्य पंचमी. इंग्रजी तारीख दहा फेब्रुवारी १९२८. घरात सगळ्यांना पाठ.

"शोधू की," मी म्हणालो. मी कोर्टात कारकून. कागद मागवणं हे माझं रोजचंच काम. पाँडिचेरीच्या एका वकिलामार्फत अर्ज केले. दीड वर्षानं फ्रान्सहून जाड पाकीट आलं.

माझा शाळासोबती वादिराज कॉलेजात फ्रेंच शिकवायचा. भर दुपारी त्याच्या माडीवर बसलो. भरतीच्या कागदावर आजोबांची सही मोडीत होती.

"तुझ्यापेक्षा अक्षर बरं की रे, भीमण्णा," वादिराज म्हणाला. "तरी तू कारकून."

मी सहीवरून बोट फिरवलं. मनात पांडुरंगाचे आभार मानले.

तो वाचत गेला. उंची, पलटण, दोन पदकं. नोकरी पुरी झाली. हिंदुस्थानात परतायचं जहाज ठरलं. पत्रं का थांबली, ते कुठंच नव्हतं.

मग तो थांबला.

"सायगावच्या इस्पितळात दाखल. दहा फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठावीस."

"पुन्हा वाच."

त्यानं वाचलं. तारीख तीच होती.

"काय झालं होतं त्यांना?"

"भाजले होते. सगळं अंग." तो सावकाश एकेक शब्द लावत होता. "धक्क्यावर बाकावर बसले होते, बोटीची वाट बघत. जवळपास विस्तव नव्हता. कपडे शाबूत. खिशातलं तिकीटही शाबूत."

खालून भाजीवालीची हाक आली आणि दूर गेली.

पुढचा कागद परिचारिकेच्या नोंदींचा होता. रोग्याचा जबडा मिटला आहे, उघडत नाही. चमचाभर पाणीही आत जात नाही. पण रोज सकाळी तोंडात ओला भात सापडतो. त्यात काळे तीळ. कोण भरवतं ते कळत नाही. पहारा ठेवला.

दुसऱ्या सकाळीही भात.

दहाव्या सकाळी ते गेले.

वादिराजानं कागद घडी करून माझ्या हातात दिले. "बिडो," तो कानडीत म्हणाला, "सोड हे. अक्कांना नको सांगूस."

घरी आलो तेव्हा अक्का सोप्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी जवळ बसलो. सांगितलं, की अप्पा सायगावच्या इस्पितळात तापानं गेले. आपल्याला विसरले नव्हते. घरीच यायला निघाले होते.

तिनं पदर डोळ्यांना लावला. "जवळ कोण होतं?"

"ते लिहिलेलं नाही. पण उपाशी गेले नाहीत, अक्का. कुणीतरी रोज भात भरवत होतं."

एवढं तरी खोटं नव्हतं.

सुपात बोटं फिरत राहिली.

"दहाही दिवस खाल्ला ना?"

मी दिवस सांगितले नव्हते.

तिनं मान वर केली नाही. एक बारीक खडा सापडला, तो उजेडात धरून पाहिला आणि बाजूला ठेवला, कुणाच्या दाताखाली येऊ नये म्हणून.