कुकडीच्या कपारीतल्या माद्या

मला त्या माद्या परत हव्या होत्या. तेवढ्याचसाठी १९७१ च्या एप्रिलात मी निघोजजवळ कुकडीच्या पात्रात उतरले.

तिथल्या रुईवर मावा खाणारे ढालकिडे असतात. त्यांतल्या काही माद्यांना फक्त मुलीच होतात; निम्मी अंडी उबतच नाहीत. आईकडून अंड्यात उतरणारा जंतू मुलगे मारतो, असा माझा तर्क होता. कॉलेजातले आमचे विभागप्रमुख गंधे सर भर सभेत हसले. "बाई, नर उडून गेले असतील. बरणीला झाकण लावत जा!" नंतर सुट्टीत त्यांनी माझ्या किड्यांच्या बरण्या शिपायाला धुऊन टाकायला लावल्या. वर्षाचं काम मोरीत! मी ते विसरले नाही.

सोबत वाट दाखवायला गावातला सहादेव आणि त्याची बायको गोजरबाई होती. नदीनं काळ्या खडकात खोल रांजण, म्हणजे पाण्यानं भरलेले खळगे, कोरले होते. उभ्या कड्याच्या मध्यावर एका कपारीत रुई हिरवी होती, आणि तिच्या वर आग्या मोहोळं लटकत होती.

"किड्यापायी जीव देता व्हय, बाई?" गोजरबाईनं विचारलं.

"किड्यापायी नाही. एका माणसापायी."

"मंग त्यालाच आनायचा की! दिला असता ढकलून."

सहादेव मोटेचा जाड दोर, नाडा, घेऊन कड्यावर गेला, मी त्याच्यामागे. गोजरबाई खाली पाण्याशी थांबली. नाडा सोडताना नदीपुढं नारळ फोडून ऊद जाळायचा, ही तिकडची रीत; तिनं निघतानाच सांगितलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं 'हो' म्हटलं होतं. माझं सगळं लक्ष कमरेच्या गाठीकडे होतं.

कपारीत पाय टेकला. पान उलटलं. पिवळ्या अंड्यांचा पुंजका! निम्मी सुकलेली, आणि बाहेर आलेल्या बहिणी न उबलेल्या भावांना खात होत्या. पान काचेच्या नळीत सरकवलं, कापसाचा बोळा लावला.

तेवढ्यात उदाचा वास आला.

धूर सरळ वर चढत होता. मोहोळ थरथरलं. मग सुटलं!

"सहादेव, नाडा सोड! गोजरबाई, पाण्यात!"

मी कपारीखालच्या रांजणात कोसळले. पाणी डोक्यावरून गेलं. नळी धरलेला हात मात्र वर होता. माश्या त्याच्यावर तुटून पडल्या. बोटं जळत होती. सोडू? सरांचं हसू आठवलं. मूठ आणखी आवळली!

"मेलीचा हट्ट!" शेजारून गोजरबाई ओरडली. तिनं ओला पदर माझ्या हातावर फेकला आणि मला धरून ठेवलं. वर सहादेव घोंगडीत गुंडाळून पडला होता. माश्या पांगल्यावर तिघेही सुजलेल्या तोंडांनी गावात पोचलो.

त्या मुली वाढवल्या; त्यांच्यात नर नव्हतेच, म्हणून शेवगावच्या करडईवरून आणलेल्या नरांशी जुळवल्या. निम्म्यांना मधातून जंतू मारणारं टेट्रासायक्लिन दिलं. मध सहादेवनं पाठवला होता, त्याच मोहोळाचा.

पुढच्या सभेत मी गंधे सरांसमोर दोन बरण्या ठेवल्या. औषध न दिलेल्या आयांच्या बरणीत नुसत्या मुली होत्या. औषध दिलेल्यांच्या बरणीत मुलगेही होते.

"झाकणं सारखीच लावली होती, सर," मी म्हटलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. "मोजा."

सगळ्यांसमोर त्यांना मोजावं लागलं.