गाडीचा घास

यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्या आहेत.

असे प्रकार रात्री होतात म्हणतात. हा भर दुपारी दोन वाजता झाला. जुलै १९८६, शनिवार. नेब्रास्कात हायवेलगतच्या रेस्ट एरियात. मी अकरा वर्षांची होते.

माझे बाबा, त्र्यंबक, या मार्चमध्ये गेले. त्यांच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट होती. हसले की तिच्यातून बारीक शीळ निघायची. हे आधीच सांगून ठेवते.

बाबा पिस्कॅटवे गावात इंजिनिअर होते. आठवडाभर ऑफिस आणि शनिवार-रविवार गॅरेज. त्यांना हॉट रॉडचं वेड होतं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची गाडी घ्यायची, तिच्यात दणकट नवं इंजिन बसवायचं आणि असा रंग द्यायचा की लोकांनी थांबून बघावं. पेनसिल्व्हेनियातल्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी १९३६ची दोन दारांची गाडी आणली. तीन वर्षं खपून चेरीसारखी लाल केली.

सीट मात्र मूळचीच ठेवली. तिची एक कड फाटली होती आणि आतलं घोड्याच्या केसांचं भरण नाहीसं झालं होतं.

"उंदरांनी खाल्लं असेल," बाबा म्हणाले आणि वरून नवं कव्हर चढवलं.

त्या उन्हाळ्यात तीन शो ठरले. ओहायो, इलिनॉय आणि सगळ्यात मोठा नेब्रास्कात. तिथे गाडी उभी करायची म्हणून बाबा तीन वर्षं झोपेतसुद्धा बोलत होते. आईने कूलरभर दहीभात घेतला. प्रवासात आंबू नये म्हणून दूध जास्त, दही चमचाभर.

माझे पणजोबा साताऱ्यात डॉक्टर होते, टांग्यातून फिरायचे. घरचा नियम असा की आधी घोड्याला घास, मग माणसांना. बाबांनी तोच नियम गाडीला लावला. निघताना नारळ फोडला, दहीभाताचा एक घास डॅशबोर्डवर ठेवला आणि म्हणाले, "घे, जेव."

"ई बाबा, दॅट्स ग्रोस!" मी म्हणाले.

पहिल्या थांब्यावर पाहिलं तर घास नव्हता.

"बघ, खाल्ला!" बाबा हसले.

"खाली पडला असेल. मुंग्या लागतील, आधी पुसा," आई म्हणाली.

खाली काहीच नव्हतं.

दर जेवणाला तेच. बाबा घास ठेवायचे, "जेव" म्हणायचे, आणि तासाभरात तो नाहीसा व्हायचा.

मग वास सुरू झाला. शिळ्या अन्नाचा नव्हे... न धुतलेल्या तोंडाचा. कोणी अगदी जवळ येऊन श्वास सोडावा तसा.

मी आई-बाबांच्या मध्ये बसायचे. इंजिनच्या आवाजाखाली मला आणखी एक आवाज यायचा. संथ... ओला... चपचप.

"आई, समवन इज च्युइंग."

"तूच. टाक ते च्युइंगगम."

माझ्या तोंडात काही नव्हतं.

इलिनॉयच्या शोमध्ये एक परीक्षक आला. गाडीभोवती दोनदा फिरला, मान डोलावली, मग खिडकीतून डोकं आत घातलं... आणि झटक्यात मागे आला. नाकावर हात धरून त्याने विचारलं, "टिम, व्हॉट डू यू फोक्स ईट इन देअर?" आजूबाजूचे हसले. तिथे बाबांना सगळे टिम म्हणत.

संध्याकाळी मोटेलच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यात आईने सगळा दहीभात ओतला. लोणच्याची बाटलीसुद्धा. आणि ब्रेड आणला.

दुसऱ्या दिवशी गाडीला घास ठेवला नाही. द्यायला भात होता कुठे?

वास गेला नाही. चपचप मात्र थांबली. ते जास्त वाईट होतं.

दोन वाजता आम्ही त्या रेस्ट एरियात थांबलो. शो तिथून चाळीस मैलांवर. ऊन रणरणत होतं, जवळपास दुसरी गाडी नव्हती. आईने जॅम लावलेला ब्रेड माझ्या हातात दिला. मी तो तोंडाजवळ नेला...

तोंडात आधीच काहीतरी होतं.

कोमट. मऊ. आंबट.

कोणीतरी चावलेला भात.

मी थुंकले. जिभेवर एक जाड, काळा, लांब केस चिकटला होता. ओढला तर येतच राहिला.

"भात कुठून खाल्लास? भात काल टाकला ना मी!" आई ओरडली. मग तिनेही तोंडावर हात धरला आणि गवताकडे धावली.

बाबांनी स्वतःच्या तोंडातला गोळा तळहातावर काढला. मग गाडीकडे गेले आणि डॅशबोर्डचा खण उघडला.

आत घास होते. सगळे. निघाल्यापासूनचे. एकेक चावून, दातांनी दाबून ठेवलेला. वर बुरशी आणि लाळ.

खाल्ले नव्हते. गिळता आले नव्हते.

रेस्ट एरियात फोन होता. बाबांनी भंगारवाल्याला फोन लावला. परत आले तेव्हा आईशी हळू बोलत होते, पण मी ऐकलं. अशी एक गाडी घळीत कोसळली होती. हीच ती, याची त्याला खात्री नव्हती. आतल्या माणसाचे पाय अडकलेले. अकरा दिवसांनी लोक पोचले.

"तेव्हा त्याच्या तोंडात..." बाबा म्हणाले.

मला सीटची फाटलेली कड आठवली आणि आतलं नाहीसं झालेलं भरण.

"इथेच सोडू गाडी. बसने जाऊ," आई म्हणाली.

"सुलभा, त्याला जेवायला मी बसवलंय."

पुढच्या गावात दही आणि झटपट शिजणारा तांदूळ मिळाला. बाबांनी घास ठेवला. तिघांची तोंडं तिथून पुढे स्वच्छ राहिली. पण बाबांनी गाडी पूर्वेकडे, घराच्या दिशेने वळवली. शोला गेलेच नाहीत. त्यानंतर कधीच नाही.

"काय त्र्यंबक, गाडी लाजली का?" शेजारचे नंदूकाका वर्षभर चिडवायचे. बाबा शीळ घालत हसायचे.

त्यानंतर अडतीस वर्षं ते रोज गॅरेजमध्ये जाऊन घास ठेवत आणि आदल्या दिवसाचा पुसत. मला किळस यायची. कॉलेजात असताना मी एकदा म्हणाले, "विकून टाका ना ती घाण!"

"विकू कुणाला, लतिका? त्यांच्याही घरी मुलं असतील."

"मग मोडीत काढा."

"ते इथे आहे तोवर निदान कुठे आहे ते मला माहीत आहे."

मी त्यांना वेडसर समजले. त्या दुपारचंही हळूहळू काहीतरी स्पष्टीकरण तयार केलं. ऊन, उलट्या, लहान वय.

शेवटच्या महिन्यात बाबांना गिळता येईना. भरवलेला घास तोंडात तसाच राहायचा. मी बोटाने काढायचे. त्याही स्थितीत ते विचारत, "गाडीला ठेवलास?" मी हो म्हणायचे. ठेवायची आई.

एप्रिलमध्ये आई आणि गाडी, दोन्ही माझ्याकडे अल्फारेटाला आल्या. आई म्हणाली, "आता तू." मी ठेवला नाही. तीन दिवस.

चौथ्या दिवशी जेवताना माझ्या मुलीने हातातला चमचा खाली ठेवला.

"मॉम... आय हॅवन्ट टेकन अ बाइट येट."

तिच्या ओठांतून एक काळा केस लोंबत होता.

मी उठले आणि तांदूळ धुतले.

दहीभात मी १९८६पासून खाल्लेला नाही. आता रोज सकाळी हाताने कालवते. घास ठेवते, "घे, जेव" म्हणते, खण पुसते. हातमोजे घालते, तरी वास हाताला राहतो.

गेल्या रविवारी खण उघडला... आदल्या दिवशीच्या घासाचे दोन भाग झाले होते. दोन्ही चावलेले. एक नेहमीसारखा.

दुसऱ्यावर पुढच्या दातांची खूण होती. मधोमध मोठी फट.

तो मला पुसवला नाही.

तेव्हापासून मी दोन घास ठेवते.