बाबांच्या खुर्चीवरचं दुसरं टोक

खोटं वाटलं तर वाटू दे. मला कुणाला घाबरवायचं नाही. हे झालं ते कीलुंगला, बंदरामागच्या आमच्या घरात. आणि रात्री नाही, दिवसाढवळ्या. बाबा गेल्यानंतरच्या सातव्या आठवड्याचा विधी होता त्या दिवशी. आई साक्षीला आहे. माझा धाकटा भाऊ आ-कुआनही होता, पण तो आता त्यावर बोलत नाही.

बाबा बंदरात क्रेन चालवायचे. हौस एकच, घरच्यांचे व्हिडिओ काढायची. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात, त्यामुळं एकाही व्हिडिओत बाबा दिसत नाहीत. नुसता आवाज येतो.

"इकडं बघ गं. तोंडावरचा हात काढ आधी."

आईचे पुढचे दात मोठे आहेत. हसताना ती तोंड झाकते. बाबा गेले तेव्हा आमच्याकडं त्यांचं असं उरलं ते एवढंच. तो आवाज.

सगळे व्हिडिओ एका जुन्या हार्ड डिस्कवर होते. ती कुरकुरायला लागली म्हणून बाबांनी नवी आणली होती, निळ्या टोकाची, वेगवान. पण घरचा कॉम्प्युटर जुना, त्याचे यूएसबी पोर्ट जुने. नवी डिस्क त्याला चालते, पण जुन्याच चालीनं. बाबांनी आ-कुआनला फोन केला. तो शिंचूला मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे.

"फार हळू जातंय रे. एखाद्या रविवारी तुझा लॅपटॉप घेऊन येतोस?"

"चालतंय ना बाबा? मग बसा बघत. तुम्हाला आता कुठं क्रेनवर जायचंय?"

तो रविवार काही आला नाही. बाबा रोज एका वर्षाचं फोल्डर कॉपीला लावायचे आणि शेजारी खुर्चीत बसून राहायचे. निम्मी वर्षं झाली आणि बाबा गेले.

उरलेलं काम आईनं माझ्यावर टाकलं.

जुन्या डिस्कच्या वायरीला दोन टोकं होती. एक कॉम्प्युटरला लावायचं. तेवढ्यानं तिला वीज पुरत नाही, म्हणून दुसरं बाबा मोबाईलच्या चार्जरला लावायचे. तो चार्जर हॉस्पिटलातून परत आलाच नव्हता. मी एकच टोक लावून बघितलं. डिस्क फिरेना.

टक... टक... टक...

उद्या चार्जर आणू म्हणून मी वायर तशीच सोडली. दुसरं टोक बाबांच्या खुर्चीच्या हातावर पडलं होतं. मी दाराशी चपला घालत होते, आणि मागून...

डिस्क फिरायला लागली.

मी परत आले. टोक उचललं. टक... टक... पुन्हा खुर्चीच्या हातावर ठेवलं.

फिरली.

ते टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून आली. तिनं टोक न उचलता नुसतं बोट लावून बघितलं.

"कोमट आहे," ती म्हणाली. "चार्जर नको आणूस."

मग आमचं तेच सुरू झालं. मी फोल्डर लावायची. आई खुर्चीपाशी स्टूल ओढून बसायची आणि शेजारणीच्या कागाळ्या सांगायची. कुणाला ते मी विचारलं नाही. पहिले दोन दिवस मला भीती वाटली, मग नाही वाटली. कॉपी मुंगीच्या पावलानं जायची. आम्हाला घाई नव्हती.

सातव्या आठवड्याला आ-कुआन आला. भिक्षू मंत्र म्हणून गेले, बाबांना तिकडं मिळावं म्हणून कागदी घर जाळून झालं, आणि त्याची नजर कॉम्प्युटरवर गेली.

"ताई, अजून हेच? गोगलगाय बरी हिच्यापेक्षा."

"चालतंय ना? मग बसू दे आईला बघत."

टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला.

"आणि हे टोक असं लोंबकळत का ठेवलंय? ही चालते कशी मग?" तो खुर्चीकडं जरा वेळ बघत राहिला. मग मान झटकून हसला. "द्या इकडं. माझ्या लॅपटॉपवर सगळंच नव्यानं करतो. आधीचं धड आलंय की नाही कुणाला माहीत."

"राहू दे रे," आई म्हणाली. "थोडंच उरलंय."

"आई, मला सहाची बस आहे."

त्यानं दोन्ही टोकं आपल्या लॅपटॉपला लावली. जुन्या डिस्कवर बाबांनी ठेवलेली हिरवी खाऊची पुडी होती. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडं ठेवतात ती. आ-कुआनच्या कंपनीत यंत्रायंत्रावर तीच पुडी असते आणि कुणाची तिला फोडायची छाती होत नाही. पण हे पडलं बापाचं यंत्र. त्यानं पुडी फोडली आणि खात बसला.

नव्या डिस्कवरचं आधीचं सगळं पुसून कॉपी सुरू झाली.

भराभर.

"अरे?" त्याचा घास थांबला. "जुनी डिस्क एवढी पळूच शकत नाही. निळ्या, वेगवान पोर्टाला लावली म्हणून तिचे पाय काही तरुण होत नाहीत."

पण ती पळत होती. कुणीतरी निम्मं ओझं उतरवून ठेवावं तशी.

पुडी संपायच्या आत काम झालं. त्यानं विजयी मुद्रेनं एक व्हिडिओ लावला. आई धक्क्यावर उभी. लाटा ऐकू येत होत्या, बोटीचा भोंगा ऐकू आला. आईनं हसून तोंडावर हात धरला, कॅमेऱ्याकडं बघत जरा थांबली, आणि हात खाली घेतला.

तिला कुणीच काही बोललं नव्हतं...

दुसरा लावला. तिसरा. आई थांबते, ऐकते, लाजते, "चला, काहीतरीच," म्हणते.

समोरून बाबांचा आवाज नाही.

"कॉपीत काहीतरी गडबड झाली," आ-कुआन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "परत करू." त्यानं जुनी डिस्क पुन्हा लावली. आता टक-टकसुद्धा नव्हतं. आईनं वायरीचं दुसरं टोक त्याच्या हातातून घेतलं, खुर्चीच्या हातावर नेऊन ठेवलं, आणि बराच वेळ त्यावर बोट धरून उभी राहिली.

"गार पडलं रे," ती म्हणाली, आणि भात टाकायला आत गेली.

माझा अजून संताप होतो. बापासाठी त्याला एक रविवार मिळाला नाही, आणि त्या दिवशी एक बस सोडवली नाही.

गोष्ट इथंच संपली असती तर मी लिहिलंही नसतं.

गेल्या आठवड्यात आ-कुआननं मला त्याच्या मुलीचा व्हिडिओ पाठवला. बागेतला झोका. झोका करकरतो, पोरगी कॅमेऱ्याकडं बघते, थांबते, खळखळून हसते, "अजून जोरात, बाबा!" म्हणते. खाली त्यानं लिहिलं होतं, "ताई, तुझ्या फोनवर माझा आवाज येतोय का?"

येत नव्हता. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग मी तो पुन्हा लावला, फोन कानाशी धरून. मी उत्तर दिलं नाही.

काल त्याचा फोन आला. मी हॅलो म्हटलं. तिकडून...

काहीच नाही.

"आ-कुआन? बोल ना."

मागं टीव्ही चालू होता. भांडी वाजत होती. मग त्याच्या मुलीचा आवाज आला, फोनच्या अगदी जवळून.

"आत्या, बाबा केव्हाचे बोलतायत. तुला ऐकू येत नाही?"