निळीच्या कुंपणाआत

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो मेलेल्या बाईला कॉफी देत होता.

आमच्या सुंबा बेटावर यात नवल काही नाही. मोहा आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती. कापडांत गुंडाळलेली ती पुढच्या खोलीत बसून होती, दफनाची वाट बघत. निळीचं काम मी तिच्याच हाताखाली शिकले. तिचं शेवटचं कापड माझ्या निळीच्या रांजणातून निघालं, की रविवारी दफन.

तो तिचा नातू, उंबू मेहांग. जावाहून दफनासाठी आलेला चित्रकार. सोमवारी परतीची बोट.

"तू हामू ना? आजीची लाडकी?"

"लाडकी कसली! मार खाणारी."

त्याने ओल्या कागदावर निळा थेंब सोडला. रंग पसरला, थांबला, पुन्हा पसरला... ना झाड, ना माणूस.

"हे काय सांडलंय?"

"आजी कापड पिळायची ना, ती निळाई. असलं सांडलेलंच विकतो मी तिकडे."

मी हसले. पण कागदाचा उतार दाराकडे होता आणि रंग मात्र चढावर सरकत होता — आजीच्या दिशेने. त्यानेही ते पाहिलं.

मग मी रोजच आजीच्या घरी जाऊ लागले.

"एकदा रांजण दाखव ना," तो म्हणायचा.

"पुरुषाचं पाऊल कुंपणाआत पडलं की नीळ मरते. लांबूनच बघ."

"लांबूनच तर बघतोय... तुला."

शनिवारी पहाटे रांजणापाशी चिखलात एक निळं पाऊल उमटलेलं दिसलं. मला वाटलं, त्याचंच. घाबरून झाकण काढलं, तर वर जिवंत निळीचा ताजा फेस! नीळ जगली कशी, हे त्या घाईत मनात आलंच नाही. उद्या दफन, परवा बोट, एवढंच आलं.

मी झाकण ठेवलं आणि त्याच्या थोरल्या काकांना सांगितलं, "पुरुष आत शिरला. नीळ मेली."

नवी नीळ धरायला महिना लागतो; तोवर दफन नाही, की त्याची बोट नाही.

"शहरात जाऊन रीत विकून खाल्लीस?" काका मेहांगवर ओरडले.

त्याने मान खाली घातली. "चुकलो, काका."

संध्याकाळी मला राहवेना. आजीसमोरच त्याला सांगितलं, "नीळ जिवंत आहे. मी खोटं बोलले. तू जाऊ नयेस... म्हणून."

"ठाऊक आहे. मी कुंपण ओलांडलंच नव्हतं."

"मग कबूल का केलंस?"

"महिना मिळत होता. नको म्हणू?"

मला हसू आलं आणि ओठांवरच थिजलं.

"मग ते पाऊल कुणाचं?"

दोघांनी एकदमच वळून पाहिलं. आजीच्या कापडांखालून निळं पाणी चटईवर हळूहळू झिरपत होतं.

मेहांगने माझा हात घट्ट धरला.

"आजी," तो कुजबुजला, "हिला महिन्याने विचारणार होतो. आत्ताच विचारू?"

झिरपणं थांबलं.

"विचार," मी म्हणाले.