लाल कोटाचं माप

आम्ही निघालो ते एकाच कामासाठी: त्या जगप्रसिद्ध धबधब्याच्या मागे जायचं आणि कड्यातल्या खिडकीत उभं राहायचं!

आमच्या शिवणाच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलामागच्या भिंतीवर, या धबधब्याचं चित्र एकतीस वर्षं टांगलेलं आहे. पाण्याच्या पडद्यामागे कड्यात एक काळं भोक दिसतं. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, कात्री खाली ठेवून त्यावर बोट टेकवायचे. "तिथून पाणी आतल्या बाजूनं दिसतं. कापड उलटून शिवण बघावी तसं. एकदा जायचंच." मास्तर गेले, पण भलतीकडेच गेले. मग म्हटलं, माणूस गेला तरी त्याचं काम अर्धं ठेवायचं नाही.

मुलगा सोबत आला होता खरा, पण विमानातून उतरल्या उतरल्या त्याची कंबर धरली. तो हॉटेलात गादीवर पालथा. उरलो मी आणि सूनबाई. तिला तिथली भाषा येते. मला येत नाही, पण माणसाचं माप मला नजरेनं कळतं. आमचा वाटाड्या दाराएवढा रुंद होता. त्याच्या एका सदऱ्यात आमचा मुलगा दोनदा मावला असता.

पायथ्याच्या खोलीत त्यानं दोन पाणकोट काढले. मला लाल, सूनबाईला निळा. मग बोटं नाचवत बराच वेळ बोलला.

"आई, नीट ऐका," सूनबाई म्हणाली. "आत आवाजानं काही ऐकू येत नाही आणि टोपीत तोंड दिसत नाही. तो रंगावरून माणूस ओळखतो. वयस्क माणसाला लाल. पाणी गढूळ दिसलं की वर पाऊस झालाय असं समजायचं आणि ताबडतोब मागे फिरायचं. लाल कोटाला तो स्वतः धरून आणणार. निळ्यानं आपलं आपण यायचं."

"धरून आणायला मी काय कापडाचा तागा आहे?"

वाटाड्या दोर तपासायला पुढे गेला. मी कोट चढवला. खांदा कोपराशी, बाही गुडघ्याशी! चाळीस वर्षांत असं ध्यान मी एकाही गिऱ्हाइकाचं करून पाठवलेलं नाही.

"दे तुझा निळा. तू उंच आहेस, हा तुलाच बसेल."

"आई, रंग त्यांनी ठरवून दिलेत..."

"रंगाचं काय घेऊन बसलीस? खांदा बघ खांदा!"

"मग त्याला सांगते तरी."

"काही नको. तो पुन्हा हे पोतं माझ्या गळ्यात मारेल."

पंधरा वर्षं माझं ऐकते तसंच तिनं ऐकलं आणि निळा काढून दिला. निळा कोट मला मापाचा बसला. मी खूश!

कड्याला धरून जेमतेम दोन वीत रुंद वाट होती. एका बाजूला काळा ओला खडक आणि त्यात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या. खुंट्यांना जाड दोर. दोरात आपल्या कमरेचा आकडा. खुंटी आली की आकडा सोडायचा आणि पलीकडे अडकवायचा. दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी कसलं, आभाळच फाटून खाली चाललं होतं! आवाज कानात शिरत नव्हता, छातीत शिरत होता. पुढे वाटाड्या, मग सूनबाई, मागे मी. मनातून मी घाबरले होते. पण सुनेसमोर कबूल कोण करणार?

अकरा खुंट्या झाल्या आणि खिडकी दिसली. खरोखरची! पंधरा पावलांवर.

तेवढ्यात पांढरं पाणी तांबडं झालं.

वाटाड्या वळला. त्यानं लाल कोट पाहिला, बगलेत धरला, मला कड्याशी दाबत ओलांडलं आणि तिला घेऊन तो मागच्या वाटेनं सुटला! मला त्यानं हातानं खुणावलं: चल, ये मागोमाग.

मी निघाले. एक खुंटी आली. आकडा सोडायचा. बोटं गारठलेली. जी बोटं डोळे मिटून सुईत दोरा ओवतात, त्यांना एक आकडा उघडेना! पाणी घोट्यापर्यंत आलं. मग पोटऱ्यांपर्यंत. वरून एक धोंडा आला आणि माझ्या पुढची हातभर वाट घेऊन गेला. मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तेव्हा कळलं: तो लाल कोट वाचवतोय. मला नाही. मला तर त्यानं तरणी समजून सोडलंय!

पाचावर धारण बसली. मास्तरांना हाक मारली. नंतर त्यांना शिव्याही घातल्या.

पाणी गुडघ्याला लागलं. मी डोळे मिटले.

कोणीतरी माझं मनगट धरलं. लाल बाही! सूनबाई! तुटलेल्या वाटेवरून उडी मारून आली होती. तिनं माझा आकडा उघडला, पलीकडे लावला, माझ्या कानाशी तोंड आणलं.

"त्याला चावले, तेव्हा सोडलं!"

तिच्या मागे वाटाड्या उभा होता, हात चोळत. त्यानं माझी टोपी मागे सारली, पांढरे केस पाहिले आणि कपाळाला हात लावला.

सूनबाईनं त्या पाण्यात उभ्या उभ्या कोट काढला आणि माझ्या अंगावर निळ्यावरूनच चढवला. मग मागे बोट दाखवलं. खिडकी अजून दिसत होती. पाणी तिच्या उंबऱ्याखाली हातभर होतं. "आई, जायचं?" तिच्या डोळ्यांत भीती मावत नव्हती, तरी विचारत होती! मी हो म्हटलं असतं तर आलीही असती.

एकतीस वर्षं ते भोक पाहिलं होतं. पंधरा वर्षं घरात असलेल्या या मुलीकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"घरी चल," मी म्हटलं.

वाटाड्यानं मला तागा उचलावा तसं खांद्यावर घेतलं. मी हूं की चूं केलं नाही. एका हातानं त्याची कॉलर धरली होती, दुसऱ्या हातानं सूनबाईचं मनगट. अजून दहा खुंट्या. प्रत्येकीपाशी मला वाटलं, ही शेवटची.

खोलीत पोचलो तेव्हा दात वाजत होते. वाटाड्यानं कोट परत मागितले. सूनबाई माझ्या बाहीला हात घालत म्हणाली, "काढा आता, आई. किती ढगळा आहे."

"राहू दे," मी म्हटलं. "मापाचा आहे."