चिंचेजवळ, महाल

"चिंच कुठे आहे हो इथं?"

महाल या शहराच्या जुन्या भागातल्या त्या अरुंद गल्लीत हा प्रश्न मी चौथ्यांदा विचारत होते. हातात मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका, तिच्यावर ठळक पत्ता – 'चिंचेजवळ, महाल'. आमच्या हुडकेश्वरच्या नव्या वस्तीत प्लॉट नंबर सांगितला की घर सापडतं. इथं चिंचेचं पानसुद्धा दिसेना.

छापखान्याच्या दारातला मुलगा हसला. बोटांना शाई, गालाला खळी... खळीकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

"चिंच पडून चाळीस वर्षं झाली, मॅडम."

"मंग पत्रिकेवर काहून छापली? कोणत्या शहाण्यानं छापली?"

"मीच." तो अजूनच हसला. "आजोबापासून हाच पत्ता छापून राहिलो. इथं सगळ्यांले समजते."

"मले नाही समजत!"

"तं चला. पत्ता चुकला तं छापणाऱ्यानं पोचवून द्यावं लागते."

पोचवलं त्यानं. नाव उन्मेष.

मी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला प्रकल्पाचा विषय मिळाला – नसलेल्या वस्तूंचा नकाशा. या गल्लीत सगळे पत्ते नसलेल्या वस्तूंवरूनच सांगतात. 'विहिरीपाशी वळा', विहीर कधीच बुजली. 'हत्ती पाणी पीत, तिथं थांबा'. भोसल्यांचे हत्ती, म्हणे! दर रविवारी उन्मेष मला फिरवायचा. आधी तर्री-पोहे, मग इतिहास. इतिहासापेक्षा सांगताना तो हात कसे हलवायचा तेच मला जास्त आठवतं. आता लपवून काय उपयोग?

गल्लीतले सगळ्यात जुने रहिवासी बाबारावजी त्यांच्या ओट्यावर बसून ठासून म्हणाले, "चिंच माझ्या ओट्यासमोर होती." मी तिथं हिरवा ठिपका काढला. उन्मेष काहीतरी बोलणार होता, पण बाबारावजींकडे बघून नुसता हसला.

फेब्रुवारीत नकाशा पूर्ण झाला. एक प्रत मी उन्मेषला दिली. तो कितीतरी वेळ बोटांची शाई पुसत राहिला.

"मयुरा... मी ही गल्ली सोडू शकत नाही. इथं गाडी येत नाही. शेजारच्याची शिंक ऐकू येते. तुले... जमेल?"

मी तोंड उघडलं –

"आत्ता नोको सांगू! हो असेल तं उद्या पाच वाजता चिंचेजवळ येजो. नाही आली तं मी समजून घेईन."

दुसऱ्या दिवशी चैन पडेना, म्हणून दुपारीच गल्लीत पोचले. छापखान्यासमोर राहणाऱ्या सुभद्राकाकूंनी माझा नकाशा पाहून कपाळावर हात मारला.

"बाबाराव फेकते वं! चिंच पिठाच्या गिरणीमागं होती. डोहाळ्यात तिचीच चिंच खाल्ली मी, मले विसरेल का?"

पाचला पाच मिनिटं असताना मी गिरणीमागे उभी. पाच वाजले. सव्वापाच. फोन लावला, बंद. साडेपाच... मन बदललं असेल त्याचं. म्हणाला असेल, ही प्लॉट नंबरवाली पोरगी, हिला काय जमणार! डोळे भरून आले. पीठ उडतंय, असं दाखवून पुसले.

तेवढ्यात चपलांचा धाड-धाड आवाज. उन्मेष – घामाघूम, हातात माझा नकाशा.

"तू इथं काय करून राहिली?"

"चिंचेजवळ उभी आहे! तू कोठी होता?"

"बाबारावजीच्या ओट्यासमोर! तुह्या ठिपक्यावर! अर्धा तास!"

"काहून? चिंच इथं होती, तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं न! पण तू तं तुह्या नकाशानं येशील असं..." त्यानं नकाशा उलगडून हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मले वाटलं, नाही आली. घरी चाललो होतो. सुभद्राकाकूनं खिडकीतून हाक मारली – पोरगी गिरणीमागं उभी आहे म्हणून."

"आणि फोन?"

"बंद करून दुकानातच ठेवला. 'नाही' वाचायची हिंमत नव्हती गं."

मी इतकी हसले की रडूच आलं.

"हो गा येड्या. हो."

"पण शिंका ऐकू येतीन..."

"येऊ दे."

गिरणीतून कुणीतरी सणसणीत शिंकलं. उन्मेषनं माझा हात धरला, शाईसकट.

पुढं लग्न झालं. पत्रिका त्यानंच छापली, पत्ता तोच.

परवा सुभद्राकाकू एका कुरिअरवाल्याला घर सांगत होत्या. "सरळ जाय. आमच्या उन्मेषले त्याची मयुरा भेटली न, तिथून डाव्या हाताले."

कुरिअरवाल्यानं मान हलवली आणि बरोबर वळला.