आबांचा ठसका

घास गिळण्यात असतं काय एवढं अवघड? सावनीलाही तसंच वाटायचं. जेवताना आजोबांना ठसका लागला, की ती हसून म्हणायची, "आबा, कुणीतरी आठवण काढतंय!" पण सहा महिने रोज, जवळजवळ प्रत्येक घासाला? इतकी आठवण काढतंय तरी कोण मेलं?

गेल्या महिन्यात ठसका लागल्यावर तिनं घाईघाईनं आबांना पाणी पाजलं, आणि दोनच दिवसांत त्यांना न्यूमोनिया झाला. माझ्यामुळेच झाला, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज आबांचं ऑपरेशन होतं. सावनी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसली होती.

शेजारी भिंगरी होती. भिंगरी म्हणजे रुग्णालयातली यंत्रमानव. नातेवाइकांना सगळं समजावून सांगणं हे तिचं काम.

"आबांच्या घशात नक्की काय बिघडलंय गं?"

भिंगरीनं हवेत गळ्याचं चित्र उभं केलं. "घशातून दोन वाटा निघतात. पुढे श्वासनलिका (हवेची नळी), मागे अन्ननलिका (अन्नाची नळी). अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं, बटव्याच्या नाडीसारखं आवळलेलं. घास आला की ते क्षणभर सैल पडतं, मग पुन्हा मिटतं. आबांचं कडं सैलच पडत नाही. घास अडतो आणि थोडा हवेच्या नळीत सांडतो. तिथून फुप्फुसात गेला, की न्यूमोनिया होतो."

"म्हणजे मी पाजलेलं पाणीसुद्धा?" सावनीला हुंदका फुटला.

"हो, गेलं असेल." खोटं बोलणं भिंगरीला जमत नसे. "ठसक्यात पाणी पाजू नये, खोकू द्यावं. पण सावनी, ती नाडी काही तू आवळली नव्हतीस."

सावनीनं डोळे पुसले. "मग आता डॉक्टर काय करताहेत?"

"तोंडातून दुर्बीण घालून त्या कड्याचे धागे कापताहेत. याला स्नायुछेदन (स्नायूला छेद देणे) म्हणतात."

"अगं बाई! मग खाल्लेलं परत वर येईल ना?"

"खाली पोटाच्या तोंडाशी आणखी एक कडं आहे, ते राखण करतं. तरी जेवल्यावर आबांना लगेच आडवं होऊ द्यायचं नाही. ते तू बघ."

दार उघडेपर्यंत सावनीची सगळी नखं कुरतडून झाली होती.

तिसऱ्या दिवशी आबांपुढे मऊ भात आला. सगळ्यांचा जीव टांगणीला. आबांनी पहिला घास गिळला. सावनीनं मनात दहा आकडे मोजले. ठसका नाही. दुसरा घास. नाही!

"सगळं असंच नीट राहिलं, तर हळूहळू भाकरीसुद्धा खाता येईल," भिंगरी म्हणाली.

"काय गं सावने," आबांनी डोळे मिचकावले, "आज कुणी आठवण काढत नाही वाटतं माझी?"

"मी काढतेय ना!" सावनी रडता रडता हसली. "तीन दिवस दुसरं केलंय काय मी?"